रस प्यालात, आता सालीचं काय?

मंडळी, उन्हाळा लागला की कॉलेजच्या गेटबाहेर मोसंबी ज्यूसच्या गाड्या उभ्या राहतात आणि सबमिशनच्या रांगेतून सुटलेला प्रत्येक जण आधी तिकडेच वळतो. आपलं सगळं लक्ष ग्लासाकडे असतं. गाडीखालच्या ड्रमकडे कुणी बघत नाही. मी केमिकलचा विद्यार्थी. आमच्याकडून दुसऱ्या वर्षाला मटेरियल बॅलन्स असा काही घोटून घेतात, की कुठेही काही आत जाताना दिसलं की ‘मग बाहेर काय आलं?’ हा प्रश्न आपोआप पडतो. मोसंबीचा हिशेब मांडला तर तो असा येतो : शंभर किलो फळ आत गेलं की साधारण पन्नास किलो रस मिळतो. उरलेले पन्नास किलो म्हणजे साल, आतला पांढरा भाग, फोडींचे पापुद्रे, चोथा आणि बिया. थोडक्यात, आपण अर्धं फळ पितो आणि अर्धं फेकतो!

गाडीवर हा ड्रमभर माल असतो, कारखान्यात त्याचा डोंगर होतो. संत्र्याच्या रसाची जगात सगळ्यात जास्त निर्यात करणारा देश ब्राझील, आणि तिथला बहुतेक रस साओ पावलो राज्याच्या पट्ट्यात निघतो. तिथले मोठे कारखाने हंगामात रोज हजारो टन फळ गाळतात. त्याच्या निम्म्याच्या आसपास चोथा रोज पडतो. त्यात ऐंशी टक्के पाणी, वर भरपूर साखर. म्हणजे दोन दिवसांत आंबणार, घाण वास सुटणार, माश्या घोंघावणार. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९३०च्या दशकात कारखानदारांपुढे हीच डोकेदुखी होती, आणि त्यातूनच सालीवर प्रक्रिया करण्याचं शास्त्र उभं राहिलं.

या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, की ती साल कचरा नाही. पण ती आपोआप मालही होत नाही. तिचं सोनं होणार की उकिरडा, हे दोन गोष्टींवर ठरतं : कोणता पदार्थ आधी काढला आणि किती वेळात काढला. क्रम आणि वेळ. बाकी सगळा तपशील.

सालीच्या आत काय काय असतं?

एक संत्रं हातात घ्या. बाहेरच्या रंगीत थरात सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. त्याच्या आत पांढरा, मऊ, स्पंजसारखा थर असतो. तोंडात टाकला तर कडवट लागतो. त्यात पेक्टिन आणि काही कडू द्रव्यं असतात. मग फोडींचे पापुद्रे आणि चोथा, यात पेक्टिन, सेल्युलोज आणि थोडी साखर. शेवटी बिया, त्यांत खाद्यतेलासारखं तेल. म्हणजे एका फळात चार-पाच वेगवेगळे कच्चे माल एकावर एक गुंडाळून ठेवलेले असतात. ते उलगडायचे कसे, हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न.

पहिलं तेल : लिमोनिन नव्हे, लिमोनीन!

गंमत बघा. या फळात लिमोनीन आणि लिमोनिन अशी दोन वेगळी द्रव्यं आहेत. दीर्घ ‘नी’वालं सुगंधी तेल, ऱ्हस्व ‘नि’वालं जहर कडू. व्हायवाला एकाच्या जागी दुसरं सांगितलं तर मार्क गेलेच म्हणून समजा. गोंधळ नको म्हणून या लेखात दुसऱ्याला मी ‘कडू लिमोनिन’ म्हणेन.

संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजनचा हा रेणू. कारखान्यात रस काढण्याआधी किंवा रस काढतानाच साल टोचून किंवा दाबून तेलाच्या पिशव्या फोडतात, वर पाण्याचा फवारा मारतात आणि तेल-पाण्याचं मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल वेगळं करतात. उष्णता अजिबात द्यायची नाही, म्हणून सुगंध शाबूत राहतो. एका प्रकारच्या यंत्रात फळ दोन वाट्यांमध्ये दाबलं जातं आणि रस खालच्या नळीतून, साल एका बाजूने, तेलाचं मिश्रण दुसऱ्या बाजूने, असं सगळं एकाच झटक्यात वेगळं होतं. बघत राहावं असं काम!

हे तेल जातं कुठे? कोल्ड्रिंक, गोळ्या, बिस्किटं, आइस्क्रीम, साबण, अत्तरं. फरशी पुसायच्या द्रवाला किंवा ग्रीस काढायच्या क्लीनरला ‘ऑरेंज’ वास येतो तो पुष्कळदा नुसत्या वासासाठी नसतो. लिमोनीन हा उत्तम द्रावक आहे. तेलकट डाग, स्टिकरचा चिकटा, ग्रीस तो सहज विरघळवतो. घरी पाहुण्यांच्या मुलाने कपाटावर चिकटवलेलं स्टिकर निघत नसेल तर संत्र्याच्या सालीची बाहेरची बाजू घासून बघा.

रूमवर करायचे दोन प्रयोग सांगतो. पहिला : रबरी फुगा टम्म फुगवा, त्याच्याजवळ संत्र्याच्या सालीचा तुकडा दुमडून पिळा. बारीक तुषार फुग्यावर पडले की फट्! लिमोनीनने रबर त्या जागी कमजोर केलं आणि ताणलेला फुगा तिथेच फाटला. दुसरा : गॅदरिंगच्या डेकोरेशनमधला उरलेला थर्माकोलचा तुकडा घ्या आणि त्यावर साल पिळा. तुषार पडतील तिथे तो खड्डे पडल्यासारखा बसत जातो, कारण थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन आणि लिमोनीन ते विरघळवतं. हा नुसता पोरखेळ नाही बरं का. जपानच्या सोनी कंपनीने १९९०च्या दशकात याच गुणावर वाया गेलेला थर्माकोल विरघळवून परत वापरण्याची पद्धत विकसित केली होती. थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते, त्यामुळे तो ट्रकने वाहून नेणं परवडत नाही. विरघळवला की आकारमान एकदम उतरतं.

सावधगिरी मात्र घ्या. हे तेल ज्वलनशील आहे. मेणबत्तीजवळ साल पिळली तर ठिणग्या उडतात. डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. आणि हवेत पडून जुनं झालेलं लिमोनीन काहींच्या त्वचेला ॲलर्जी करतं, म्हणून ‘नैसर्गिक आहे’ म्हणून अंगाला चोळत बसू नका.

अजून एक चमत्कार. या लिमोनीनपासून कारखान्यात कार्व्होन नावाचं द्रव्य बनवतात. त्याचा वास स्पिअरमिंट पुदिन्याचा. म्हणजे च्युइंगगममधला आणि टूथपेस्टमधला तो गार वास काही वेळा संत्र्याच्या सालीतून आलेला असू शकतो! त्याच रेणूचं आरशातलं प्रतिबिंब घेतलं तर वास बदलतो आणि बाळंतशेपेसारखा येतो. तीच अणुसंख्या, तीच रचना, फक्त डावं-उजवं वेगळं, आणि नाकाला ते कळतं. स्टिरिओकेमिस्ट्री कंटाळवाणी वाटणाऱ्यांनी एकदा सकाळी दात घासताना याचा विचार करावा.

दुसरं पेक्टिन : जॅम थरथरतो त्याचं कारण

मेसमधली जॅमची बाटली उलटी करून लेबल वाचा. बारीक अक्षरांत ४४० हा आकडा दिसला की समजा, ते पेक्टिन. याच आकड्याजवळ बहुतेक वेळा ३३० असतो, त्याची गोष्ट पुढे येते.

पेक्टिन म्हणजे झाडाच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं सिमेंट. १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि घट्ट होणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. घरी ते बघायचं असेल तर लिंबाच्या बिया चार चमचे पाण्यात रात्रभर टाकून ठेवा. सकाळी पाणी बुळबुळीत झालेलं असतं. संत्रं-लिंबाच्या सालीचा वाळलेला पांढरा भाग घेतला तर त्यात वजनाच्या वीस ते तीस टक्के पेक्टिन निघू शकतं. सफरचंदाच्या चोथ्यात याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून जगातलं बहुतेक पेक्टिन लिंबूवर्गीय सालीतूनच येतं.

काढायची पद्धत कागदावर सोपी आहे. साल धुवा, म्हणजे साखर निघून जाईल. गरम, पातळ आम्लात शिजवा, पेक्टिन पाण्यात उतरतं. गाळा. मग त्यात अल्कोहोल ओता, पेक्टिन गोळा होऊन खाली बसतं. दाबा, वाळवा, दळा. अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत मिळवून पुन्हा वापरायचं, नाहीतर धंदा बुडाला. गाळणी जाम होणं, पांढरीशुभ्र पावडर न मिळणं, दर वेळी वेगळी घट्टता येणं, या अडचणी प्रत्यक्षात येतात.

साधं पेक्टिन घट्ट व्हायला भरपूर साखर आणि आम्ल दोन्ही लागतात. जॅममध्ये ती असतातच. दुसऱ्या जातीच्या पेक्टिनला साखरेऐवजी कॅल्शियम चालतं, ते कमी साखरेच्या जॅमसाठी. आंबट दूध-पेयांमध्ये दूध फाटून खाली बसू नये म्हणूनही पेक्टिन घालतात. जुलाबावरच्या जुन्या औषधांत केओलिनबरोबर पेक्टिन असायचं. आणि सालीसकट शिजवलेला मार्मालेड वरून काही न घालताच का गोठतो, हे आता सांगायला नको.

तिसरा चुना : गाईची थाळी

तेल काढलं, पेक्टिनवाल्याला हवी तेवढी साल दिली, तरी डोंगर उरतोच. त्याचं जनावरांचं खाद्य करतात. पण ओली साल वाळवायची कशी? त्यातलं पाणी पेक्टिनने जेलीसारखं धरून ठेवलेलं असतं. प्रेसमध्ये घातली तर साल साबणासारखी निसटते, पाणी सुटत नाही. आणि सगळं पाणी जाळण उडवून आटवायचं म्हटलं तर खर्च गाईच्या किमतीएवढा!

इथे युक्ती आहे आपल्या पानाच्या डब्यातली : चुना. बारीक केलेल्या सालीत अर्ध्या टक्क्याच्या आत चुना मिसळतात. सालीतलंच एक एन्झाइम पेक्टिनचे मिथाइल गट तोडतं, मोकळ्या झालेल्या जागी कॅल्शियम जाऊन बसतं आणि जेली आकसते. पाणी सुटं होतं. मग स्क्रू प्रेसमध्ये घातलं की घळाघळा वाहतं. दाबलेला चोथा फिरत्या ड्रायरमध्ये वाळवून त्याच्या गोळ्या करतात. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला की महिनोन्‌महिने टिकतात. ब्राझीलमधून त्या जहाजं भरून युरोपातल्या दुभत्या जनावरांसाठी जातात. यात प्रथिनं कमी पण ऊर्जा भरपूर, म्हणजे सरकीच्या ढेपेला पर्याय नव्हे, जोड.

प्रेसमधून सुटलेलं पाणीही टाकत नाहीत. त्यात साखर असते. ते आटवून काकवीसारखी दाट मळी करतात. आटवायला लागणारी उष्णता कुठून? ड्रायरच्या धुराड्यातून बाहेर जाणारी दमट गरम हवाच त्यासाठी वापरतात. आणि हे पाणी आटताना वाफेबरोबर उरलंसुरलं लिमोनीन निघतं. त्याचा उकळबिंदू १७६ अंश सेल्सिअस, तरी पाण्याच्या वाफेच्या सोबतीने ते शंभराच्या आतच निघून येतं. जर्नलमध्ये स्टीम डिस्टिलेशनची आकृती आपण मागच्या बॅचकडून उतरवतो, तीच ही. थंड केलं की तेल पाण्यावर तरंगतं, वरच्या वर काढून घ्यायचं. हे अत्तराच्या दर्जाचं नसतं, पण क्लीनर आणि रंगांच्या कारखान्यांना चालतं.

इथे एक धडाही आहे. १९९८ मध्ये जर्मनीत दुधात डायॉक्सिन हे विषारी द्रव्य सापडलं. शोध घेत घेत तपास पोचला ब्राझीलमधून आलेल्या संत्र्याच्या चोथ्याच्या गोळ्यांपर्यंत, आणि तिथून त्यात मिसळलेल्या चुन्यापर्यंत! चुना दूषित होता. संत्र्याचा काही दोष नव्हता, गाईचा नव्हता, दूधवाल्याचा तर नव्हताच. टाकाऊतून टिकाऊ करताना आपण त्यात जे घालतो तेही तितकंच शुद्ध लागतं, कारण कचऱ्याला चांगलं करण्याच्या नादात आपण तो कुणाच्या तरी ताटापर्यंत नेत असतो.

कडू ते औषध

सालीच्या पांढऱ्या भागात हेस्पेरिडिन असतं. १८२८ मध्ये लब्रेटोन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते वेगळं केलं. आज त्यापासून डायोस्मिन बनवतात, आणि डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांवर डॉक्टर देतात. नेहमीच्या गोळीत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असतं. हे वाचून कुणी साल चघळत बसू नये. गोळी वेगळी, साल वेगळी.

पपनसाच्या सालीत नारिंजिन असतं, तेही कडू. १९६०च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी या कुळातल्या कडू द्रव्यांवर रासायनिक प्रक्रिया केली आणि त्यातून साखरेपेक्षा हजारपटीहून जास्त गोड पदार्थ निघाला. कडूतून गोड निघतं ही म्हण नाही, प्रयोगशाळेतली नोंद आहे.

लिंबू नसलेलं लिंबूसत्त्व

आता लेबलावरचा तो ३३०. हे सायट्रिक आम्ल, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. १७८४ मध्ये शीले या स्वीडिश शास्त्रज्ञाने लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक काढले. पद्धत : रसात खडू घालायचा, कॅल्शियम सायट्रेट खाली बसतं, त्याला सल्फ्युरिक आम्ल दिलं की सायट्रिक आम्ल मोकळं होतं. पुढे इटलीतल्या सिसिली बेटावर याचा मोठा धंदा उभा राहिला. जगभर तिथूनच माल जायचा.

मग १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक आम्ल करते. १९१९ मध्ये फायझर कंपनीने त्यावर उत्पादन सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत सिसिलीचा धंदा बसला. आज जवळजवळ सगळं लिंबूसत्त्व बुरशीपासून होतं. कांद्याच्या सालीवर जी काळी काजळी दिसते, तीच ही बुरशी. म्हणजे शिकंजीच्या तयार पाकिटात लिंबाचं चित्र असतं आणि आम्ल बुरशीचं! त्यात वाईट काही नाही, ते शुद्धच असतं. पण गोष्टीचं तात्पर्य महत्त्वाचं : उपपदार्थावर उभा राहिलेला धंदा दुसऱ्या स्वस्त वाटेने एका झटक्यात बसू शकतो. म्हणून शहाणा कारखाना एका उपपदार्थावर विसंबत नाही.

या आम्लाचा रूमवरचा उपयोग सांगतो. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वगळून पुढे जावं ही विनंती.) पाणी तापवायच्या कॉइलवर आणि किटलीच्या तळाशी पांढरा कडक थर बसतो, तो क्षारांचा. त्याने वीज जास्त खर्च होते. किटलीत पाणी आणि चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळा आणि अर्धा तास तसंच ठेवा. थर सुटून येतो. मग दोनदा स्वच्छ धुवा. तांब्याच्या-पितळेच्या भांड्यांना लिंबाची पिळलेली साल आणि मीठ लावून आई घासते, तीही आम्लाचीच करामत.

कोस्टा रिकाची गोष्ट

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात डेल ओरो नावाची रस कंपनी होती. तिच्या शेजारी ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्र. डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या शास्त्रज्ञ दांपत्याने १९९७ मध्ये कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला : तुमचं काही जंगल संरक्षित क्षेत्राला द्या, बदल्यात आमच्या पडीक कुरणावर तुमची साल टाका. सुमारे हजार ट्रक भरून बारा हजार टन साल तीन हेक्टरांवर पडली. मग एका स्पर्धक कंपनीने राष्ट्रीय उद्यान घाण केलं म्हणून खटला भरला, तो जिंकला आणि प्रयोग थांबला. जागा विसरली गेली.

सोळा वर्षांनी प्रिन्स्टन विद्यापीठाचे टिमोथी ट्रॉयर तिथे गेले तर पाटीसुद्धा सापडेना, इतकं जंगल माजलं होतं! २०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. साल न टाकलेल्या शेजारच्या जागेच्या तुलनेत जमिनीवरचं वनस्पतींचं वस्तुमान १७६ टक्क्यांनी जास्त भरलं. सालीखाली परदेशी गवत गुदमरून मेलं, माती सुपीक झाली, झाडांना वाव मिळाला.

ही गोष्ट वाचून उद्या कुणी टेकडीवर ट्रकभर साल ओतू नये. तिथे शास्त्रज्ञ होते, करार होता, जागा निवडलेली होती. तरी कोर्टात जावं लागलंच. पण योग्य जागी, योग्य रीतीने गेलेला ‘कचरा’ काय करू शकतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे नागपुरी संत्रं आहे, २०१४ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे. जालन्याच्या मोसंबीलाही २०१६ मध्ये ते मिळालं. वरुड-मोर्शीच्या पट्ट्याला तर विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. मग सालीचे कारखाने रांगेने का उभे नाहीत?

एक कारण फळातच आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलून खायला उत्तम. पण मोठी रसयंत्रं घट्ट सालीच्या फळांसाठी घडवलेली आहेत. शिवाय या रसाला एक खोड आहे. काढताना गोड लागतो आणि थोड्या वेळाने कडू होतो. आम्लामुळे हळूहळू ते कडू लिमोनिन तयार होत जातं. रेझिन वापरून हा कडूपणा काढता येतो, पण तो एक वाढीव खर्च. म्हणून आपलं संत्रं मुख्यतः पेटीत जातं आणि ताजं खाल्लं जातं. साल मग लाखो घरांच्या कचऱ्यात विखुरते. कारखान्याला साल एका जागी, एका दिवशी, ताजी मिळते. आपल्याला ती दारोदार, तीन दिवसांनी, कांद्याच्या सालीत मिसळून मिळते. तीन दिवसांत पेक्टिन तुटतं, तेल उडतं, बुरशी येते. वेळ गेली की मालाचा कचरा झालाच.

आणि क्रम चुकला तर? आधी चुना घातला तर पेक्टिन हातचं गेलं. तेल न काढता साल बायोगॅसच्या टाकीत ढकलली तर लिमोनीनमुळे गॅस करणारे जिवाणूच दबतात. आपल्या मेसच्या बायोगॅसवाल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं : लिंबं-मोसंबीच्या साली थोड्याच टाका, एकदम बादली ओतू नका.

फरक पडतो तो शेतकऱ्याला. संत्र्याचा बारीक आणि डागी माल बाजारात कुणी घेत नाही. ताजं खाणाऱ्याला चकचकीत फळ हवं असतं. रसाच्या कारखान्याला मात्र डाग चालतो. पण नुसत्या रसावर चालणारा कारखाना त्या मालाला जेमतेम भाव देऊ शकतो. तेल, पेक्टिन, खाद्य असं सगळं विकणारा कारखाना दोन पैसे जास्त देऊ शकतो. साखर कारखान्यांचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे : बगॅसवर वीज, मळीवर अल्कोहोल, प्रेसमडचं खत. नुसत्या साखरेवर त्यातले किती तग धरतील? नागपूरच्या मिहानमध्ये मार्च २०२५ मध्ये संत्र्यावर प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. अशा प्रकल्पांत उरलेल्या अर्ध्या फळाचं काय होतं, यावर बागायतदाराच्या हातात काय पडणार ते बरंच ठरेल.

तोवर आपण काय करू शकतो?

घरगुती उपयोग आपल्याला नवे नाहीत. दिवाळीच्या उटण्यात संत्र्याची वाळवलेली साल असतेच, नागरमोथा आणि आंबेहळदीच्या जोडीला. साल चिरून, दोन-तीनदा पाणी बदलून उकडली आणि पाकात शिजवली की छान गोड काचऱ्या होतात. फरशीसाठी : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बरणीत तीन महिने. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस जाऊ द्या, नाहीतर बरणी फुगून उडेल आणि रूममेट बोलणं सोडेल. तयार होतं ते सौम्य आंबट द्रव, पातळ करून बेसिन आणि फरशी पुसायला चालतं. त्याला जादूचं औषध मात्र समजू नका.

आणि फायनल इयरच्या मित्रांनो, प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? गावपातळीवर चालेल असा सालीचा छोटा ड्रायर (मेकॅनिकल), ओलावा मोजणारा स्वस्त सेन्सर (इलेक्ट्रॉनिक्स), दिवसभरात गोळा होणाऱ्या सालीच्या वाहतुकीचा मार्ग आखणारा प्रोग्रॅम (कॉम्प्युटर), अल्कोहोल कमी लागणारी पेक्टिनची पद्धत (आमची ब्रँच). चारही प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरं मागच्या बॅचच्या रिपोर्टमध्ये मिळणार नाहीत. पहिल्या दिवशी साल वाळवता आली तर पुढचं सगळं जमतं, म्हणून माझ्या मते सुरुवात ड्रायरपासून करावी. कुणी हात घालणार असेल तर केमिकलच्या लॅबमध्ये या. सालींची पोती मी जमवून देतो.